कोरफडीची भूक किती?

एप्रिल महिन्यातल्या एका संध्याकाळी आमच्याच इमारतीत राहणारी, आठवीत शिकणारी एक मुलगी दोन्ही हातांत कुंडी धरून आमच्या दारात उभी राहिली. कुंडीत कोरफड होती. म्हणजे, एकेकाळी होती. पाने बारीक होऊन आतल्या बाजूला वळली होती, टोके तपकिरी पडली होती आणि बुंध्याशी बोट लावले तर ते पाणचट लागत होते.

“काका, मी रोज पाणी घालते, तरी ही सुकतेच आहे. आणि आता तर मऊ पडायला लागली.”

कोरफड आजीची होती. नऊ वर्षांपूर्वी आजीने ती गावाहून आणली होती आणि घरात कोणाला भाजले, कापले की तिचेच पान तोडले जाई. आजी आत्याकडे गेली होती आणि पंधरा दिवसांनी परतणार होती. मुलीच्या चेहऱ्यावरून प्रकरण गंभीर आहे हे कळत होते. मी विचारले, “पाण्याखेरीज आणखी काही घातलंस का?”

“आजी हिला कधीच काही घालत नाही. मला वाईट वाटलं. म्हणून मी खत घातलं. मामाच्या शेतावरचा युरिया.”

“किती?”

“दर रविवारी एक चमचा. चार रविवार. काका, मी तर तिला खाऊच घातला होता!”

मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. झाडांच्या बाबतीत माझे ज्ञान गच्चीवरच्या वीस-पंचवीस कुंड्यांपुरते. पण तिच्या शेवटच्या वाक्यात जो प्रश्न दडला होता तो निव्वळ वनस्पतिशास्त्राचा नाही. त्यात वजन आहे, द्रावण आहे, दाब आहे. म्हणून त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी कागद-पेन्सिल घेऊन जो हिशेब केला तोच येथे मांडतो.

खत म्हणजे खाऊ नव्हे

झाड मातीतून अन्न खाते, असे आपण सहज बोलून जातो. हे खरे असते तर कुंडीतली माती दरवर्षी कमी व्हायला हवी. सतराव्या शतकात ब्रुसेल्सच्या परिसरात राहणाऱ्या व्हान हेल्मोंट या वैद्याने नेमके हेच तपासले. त्याने २०० पौंड कोरडी माती एका मोठ्या कुंडीत भरली, तीत ५ पौंड वजनाचे विलो जातीचे रोप लावले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड आणि वर सुमारे ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती फक्त २ औंसांनी घटली होती. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, हा प्रयोग प्रसिद्ध झाला.

व्हान हेल्मोंटने निष्कर्ष काढला की झाड पाण्यापासून बनते. तो अर्धाच बरोबर होता. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच्या हिशेबात नव्हता. वास्तविक कार्बन डायऑक्साइड वायू या शब्दात जो ‘गॅस’ आहे तो शब्द त्यानेच घडवला, आणि तोच वायू त्याच्या हातून निसटला! पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत ते दोन औंस, जे त्याने किरकोळ म्हणून सोडून दिले. झाडाच्या वाढीच्या मानाने ते हजारात जेमतेम एक भाग होते. आपण ज्याला खत म्हणतो त्याचा सारा व्यवहार या एवढ्याशा भागातला आहे. अन्न झाड स्वतः तयार करते, ते हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांपासून. खतातून त्याला मिळतात ती नत्र, स्फुरद, पालाश यांसारखी मूलद्रव्ये. ती अत्यावश्यक आहेत, त्यांच्यावाचून झाड जगणार नाही. पण लागतात ती थोडी. भात आणि मीठ यांच्यात जे नाते, तेच येथे आहे. मिठावाचून जेवण होत नाही, म्हणून कोणी मिठाचे ताट वाढत नाही.

पानफुटी सकाळी आंबट का?

कोरफड, पानफुटी, निवडुंग, घायपात या मांसल वनस्पतींची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. ती समजण्यासाठी दोनशे वर्षे मागे, आपल्याच देशात जाऊ. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मद्रासकडे बेंजामिन हाइने नावाचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ होता. त्याच्या लक्षात आले की पानफुटीचे पान सकाळी चाखले तर चुक्यासारखे आंबट लागते, दुपारी त्याला काही चवच राहत नाही आणि संध्याकाळी ते किंचित कडवट होते. ही गोष्ट त्याने १८१३ साली पत्राने कळवली आणि ते पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. एका माणसाने एकच पान तीन वेळा चाखले, एवढाच हा प्रयोग. पण वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत तो आजही सांगितला जातो. (तुम्ही मात्र चाखू नका. पानफुटीच्या पानांत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्ये असतात. आंबटपणा तपासण्याची दुसरी रीत पुढे देतो.)

याचा उलगडा पुढे विसाव्या शतकात झाला. बहुतेक झाडे दिवसा पानांवरची पर्णरंध्रे उघडतात आणि कार्बन डायऑक्साइड आत घेतात. पण दार उघडले की आतले पाणीही वाफ होऊन बाहेर जाते. कोरड्या प्रदेशातल्या मांसल वनस्पतींना हा खर्च परवडत नाही. म्हणून त्या दिवसा दारे लावून घेतात आणि रात्री, हवा गार असताना, उघडतात. रात्री आत आलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींमध्ये साठवला जातो. म्हणून सकाळी पान आंबट! दिवसा ऊन पडले की या आम्लातून तो वायू पुन्हा सुटा होतो आणि बंद दाराआड प्रकाशसंश्लेषण चालते. संध्याकाळपर्यंत आम्ल संपते.

शाळेत हा प्रयोग करता येईल. पहाटे उन्हापूर्वी पानफुटीची १० ग्रॅम पाने तोडून थोड्या पाण्यात वाटा आणि रस गाळून घ्या. त्यात ड्रॉपरने चुन्याची निवळी थेंबाथेंबाने घाला. दर काही थेंबांनंतर काडीने रसाचा एक ठिपका हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदावर टेकवा. हळद लालसर झाली की आम्ल संपून द्रावण अल्कधर्मी झाले असे समजा, आणि किती थेंब लागले ते लिहून ठेवा. त्याच रोपाच्या १० ग्रॅम पानांवर संध्याकाळी पाच वाजता हाच प्रयोग करा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे झाडाने रात्रभर केलेला साठा. शिक्षकांना एक सूचना : वर्गात चार गट करून एका गटाला जास्वंदीची पाने द्यावीत, म्हणजे तुलना होईल. प्रयोगानंतर हात धुवायला सांगावे.

या रात्रपाळीचा खताशी काय संबंध? संबंध आहे तो पाण्यामुळे. गव्हासारख्या पिकाला एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमवावे लागते. ज्वारी आणि ऊस यांना २५० ते ३०० ग्रॅम. रात्रपाळी करणाऱ्या वनस्पतींचे काम ५० ते १०० ग्रॅमांत भागते. म्हणजे कोरफड मातीतून पाणी उचलते ते फार थोडे आणि फार सावकाश. तिची वाढही त्याच चालीची. गुलाबाच्या कुंडीत घातलेल्या क्षारांचा काही भाग गुलाब भराभर उचलतो आणि काही रोजच्या भरपूर पाण्याबरोबर वाहून जातो. कोरफडीच्या कुंडीत आठवड्यातून एकदा भांडेभर पाणी पडते. तेथे जे क्षार घालाल ते मुक्कामालाच राहतात.

एका चमच्याचा हिशेब

आता आपल्या युरियाकडे वळू. समजा, कोरफडीचे वजन वर्षभरात अर्ध्या किलोने वाढले. कुंडीतल्या रोपाला ही वाढ भरघोसच म्हणायची. कोरफडीच्या गरात ९८ ते ९९ टक्के पाणी असते. साल, मुळे वगैरे धरून आपण उदारपणे म्हणू की शंभर ग्रॅममध्ये ५ ग्रॅम सुका भाग आहे. तर ५०० ग्रॅममध्ये सुका भाग झाला २५ ग्रॅम. वनस्पतींच्या सुक्या भागात नत्राचे प्रमाण सरासरी दीड टक्का धरतात. म्हणून वर्षभरात कोरफडीला लागलेला नत्र :

२५ × १.५ ÷ १०० = ०.३७५ ग्रॅम.

चहाच्या एका चमच्यात सुमारे ४ ग्रॅम युरिया मावतो. युरियात ४६ टक्के नत्र असतो. म्हणजे एका चमच्यात १.८४ ग्रॅम नत्र. भागाकार केला तर उत्तर येते जवळजवळ ५.

हा आकडा पाहून मुलगी गप्प झाली. एका चमच्यात पाच वर्षांची बेगमी होती! आणि तिने घातले होते चार चमचे. म्हणजे महिन्याभरात वीस वर्षांचा नत्र. शेतावरच्या मामाचे यात काहीच चुकले नव्हते. तो एकरावर पोत्याने युरिया टाकतो, पण एकरात हजारो रोपे असतात, मुळांना खाली हातभर खोल माती असते आणि पीक तीन-चार महिन्यांत वाढून निघते. शेतातला चमचा आणि कुंडीतला चमचा दिसायला सारखा असला तरी एकच नव्हे.

कुंडीत लोणचे

पण जास्त झाले तर झाडाने नको तेवढे घेऊ नये, बाकीचे मातीत पडून राहील. मरायचे कारण काय? कारण आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की तासा-दोन तासांत बरणीच्या तळाशी खार सुटतो. पाणी कोणी घातलेले नसते, ते फोडींतूनच बाहेर येते. उलट वाळके बेदाणे साध्या पाण्यात टाकले की टम्म फुगतात. पेशीभोवतीचा पातळ पडदा पाण्याला सहज जाऊ देतो, पण विरघळलेल्या पदार्थांना अडवतो. अशा पडद्याच्या दोन बाजूंना कमी-अधिक संहत द्रावणे असली की पाणी विरल बाजूकडून संहत बाजूकडे जाते. हेच परासरण.

हा दाब प्रथम नीट मोजला तो विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८७७ साली. गंमत अशी की त्याचे उपकरण म्हणजे एक सच्छिद्र मातीचे भांडे, आपल्या कुंडीचे धाकटे भावंडच होते. त्याच्या छिद्रांत त्याने एका ताम्रसंयुगाचा पडदा जमवला, आत साखरेचे द्रावण भरले आणि बाहेर पाणी ठेवले. केवळ एक टक्का साखरेच्या द्रावणाने अर्ध्या मीटरहून उंच पाऱ्याचा स्तंभ तोलून धरला! फेफरचे आकडे पुढे व्हांट हॉफ या डच रसायनशास्त्रज्ञाच्या हाती पडले आणि त्याला दिसले की विरल द्रावणाचा परासरण-दाब वायूच्याच नियमाने चालतो. दर लिटरमधील रेणुभार-ग्रॅमांची संख्या, म्हणजे मोल, घ्यायची, तिला ०.०८२ ने आणि निरपेक्ष तापमानाने गुणायचे. उत्तर वातावरणांत मिळते. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक १९०१ साली त्याला मिळाले, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

हे सूत्र आपण कुंडीला लावू. सहा इंची कुंडीत, पाणी निथळून गेल्यावर, मातीत सुमारे ३०० मिलिलिटर पाणी उरते असे धरा. त्यात एक चमचा, म्हणजे ४ ग्रॅम युरिया विरघळला. युरियाचा रेणुभार ६०. तेव्हा मोल झाले ४ ÷ ६० = ०.०६७, लिटरमागे ०.२२. तापमान ३० अंश सेल्सिअस, म्हणजे ३०३ केल्विन.

०.२२ × ०.०८२ × ३०३ = सुमारे साडेपाच वातावरणे.

आता कोरफडीची बाजू पाहू. वाळवंटी झाडांच्या पेशीत चांगला दाट रस असेल असे आपल्याला वाटते. मलाही वाटत होते. पण निवडुंग, घायपात यांसारख्या मांसल वनस्पतींच्या रसाचा परासरण-दाब मोजला तर तो बहुधा ५ ते १० वातावरणे इतकाच भरतो. त्यांचे धोरण निराळे आहे. पाऊस पडला की पटकन पाणी भरून घ्यायचे, टाकी बंद करायची आणि पुरवून वापरायचे. टाकीतले पाणी जवळपास गोडेच. कोकणातल्या खाडीकाठची तिवरे पाहा. समुद्राच्या पाण्याचा परासरण-दाब सुमारे २५ वातावरणे असतो आणि त्यातून पाणी ओढण्यासाठी तिवरांना आपला रस त्याहून संहत ठेवावा लागतो. कोरफडीची तशी तयारी नसते. तिला तहान सोसते, खारटपणा सोसत नाही.

म्हणजे पहिल्याच रविवारी आतला आणि बाहेरचा दाब बरोबरीला आला. मग एप्रिलच्या उन्हात कुंडी तापली, ३०० मिलिलिटरचे पाणी १०० वर आले, पण क्षार तेवढाच राहिला. दाब तिप्पट, साडेसोळा वातावरणे! पुढल्या तीन चमच्यांचे गणित तुम्हीच करा. भोवती पाणी असूनही मुळांना ते घेता येईना. उलट मुळांतलेच बाहेर जाऊ लागले. बरणीतल्या कैरीचे जे होते तेच.

येथे एक कबुली द्यायला हवी. युरियाचे रेणू पेशीच्या पडद्यातून हळूहळू आत झिरपू शकतात, त्यामुळे हे गणित अगदी काटेकोर नाही. पण म्हणून सुटका झाली असे नव्हे. मातीतले सूक्ष्मजंतू काही दिवसांतच युरियाचे विघटन करतात. एका रेणूपासून अमोनियाचे दोन रेणू निघतात. म्हणजे कणांची संख्या वाढते, माती अल्कधर्मी होते आणि मोकळा अमोनिया मुळांच्या कोवळ्या टोकांना जाळतो.

यातली खरी फसगत पुढेच आहे. खत जास्त झालेले झाड तहानलेल्या झाडासारखेच दिसते. पाने बारीक होतात, टोके वाळतात. मालक काळजीने रोज पाणी घालू लागतो. जळालेली मुळे ते पाणी उचलू शकत नाहीत, माती चिकचिकीत राहते आणि बुरशी शिरून बुंधा कुजतो. आमच्या मुलीने नेमके हेच केले होते.

साधे पाणीही निरुपद्रवी नसते

तुम्ही म्हणाल, मग खतच नको. पण क्षार काही केवळ खतातून येत नाहीत. विंधनविहिरीच्या लिटरभर पाण्यात ५०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातही तेवढ्याला मुभा आहे. आठवड्याला २०० मिलिलिटर पाणी, तेही खालच्या भोकातून थेंबही बाहेर न येईल अशा बेताने घातले, तर वर्षाचे झाले सुमारे १० लिटर आणि क्षार ५ ग्रॅम. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. मिठागरात हेच चालते.

मातीच्या कुंडीच्या बाहेर पांढरट पट्टे उमटतात ते याच क्षारांचे. माठ जसा झिरपतो तशी कुंडीही झिरपते. पाणी भिंतीतून बाहेर येऊन वाळते आणि क्षार तेथेच बसतात. त्या दृष्टीने हा पट्टा चांगलाच म्हणायचा, कारण तेवढे क्षार मुळांपासून दूर गेले. प्लॅस्टिकच्या कुंडीला ही सोय नाही. तेथे क्षाराचा थर मातीच्या पृष्ठभागावर आणि बुंध्याभोवती जमतो.

उपाय सोपा आहे. पाणी घालायचे ते खालून निथळेपर्यंत, आणि मग माती कोरडी होईपर्यंत मुळीच नाही. बशीत साचलेले पाणी ओतून द्यायचे. ते कुंडीनेच परत प्यायले तर धुतलेला मळ पुन्हा अंगाला लावल्यासारखे होईल. तीन-चार महिन्यांतून एकदा कुंडीच्या दुप्पट-तिप्पट आकारमानाचे पाणी सावकाश ओतून माती धुवून काढावी. आपल्याकडे मृगाचा पाऊस हे काम फुकट करतो, कारण पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. मात्र एक-दोन चांगल्या सरी झाल्या की कुंड्या पागोळीखालून हलवाव्यात, नाही तर आषाढात त्या कुजतील.

मग द्यायचे किती?

थोडे, पातळ करून आणि झाड वाढत असेल तेव्हाच. आमच्याकडच्या हवेत कोरफड आणि पानफुटी फेब्रुवारीअखेर हलू लागतात, पहिल्या पावसानंतर जोर धरतात आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात वाढतात. या तीन वेळा पुरेशा आहेत. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणि मेच्या रखरखाटात झाड स्वस्थ असते. तेव्हा घातलेले खत नुसते साचते. नुकतीच कुंडी बदललेल्या किंवा आजारी झाडाला खत देणे हा तर दुष्टपणाच, कारण त्याची मुळे तुटलेली असतात.

खताच्या पुडीवर १९:१९:१९ असे आकडे असतात. पहिला आकडा नत्राचा शेकडा भाग. दुसरा आणि तिसरा मात्र स्फुरद आणि पालाश यांचे नसून त्यांच्या ऑक्साइडांचे आहेत. पुडीत ही ऑक्साइडे नसतातच, पण जुन्या रसायनशास्त्रज्ञांची हिशेबाची ही रीत अजून चालू आहे. प्रत्यक्षात १९ टक्क्यांत स्फुरद भरते सुमारे ८.३ टक्के आणि पालाश १५.८ टक्के. नुसत्या नत्राने मांसल झाडे लांबट आणि पोकळ वाढतात, फुटतात आणि लवकर कुजतात. म्हणून तिन्ही असलेले मिश्रण घ्यावे.

प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम. पुडीवर शेतासाठी याहून जास्त लिहिलेले असते, तिकडे लक्ष देऊ नये. अर्धा ग्रॅम घरच्या काट्यावर तोलता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतली युक्ती वापरू. शाळेच्या तराजूवर ५ ग्रॅम तोलून एक लिटर पाण्यात विरघळवा. त्यातले १०० मिलिलिटर घेऊन त्यात ९०० मिलिलिटर साधे पाणी मिसळा. झाले लिटरला अर्धा ग्रॅम. आदल्या दिवशी कुंडीला साधे पाणी द्या, कारण कोरड्या मातीत खताचे पाणी पडले तर ते तेथेच वाळून संहत होते. दुसऱ्या दिवशी सहा इंची कुंडीला यातले २५० मिलिलिटर द्या. यात नत्र किती गेला? ०.५ × ०.१९ × ०.२५, म्हणजे ०.०२४ ग्रॅम. वर्षाला शंभर ग्रॅम वाढणाऱ्या रोपाला, मघाच्याच हिशेबाने, ०.०७५ ग्रॅम लागतो. तीन वेळा दिले की बरोबर पुरते!

रासायनिक खत नको असेल तर वर्षातून एकदा मूठभर जुने, पूर्ण कुजलेले, हाताला मातीसारखे लागणारे शेणखत वरच्या थरात मिसळावे. ताजे शेण नको. ते कुजताना तापते आणि अमोनिया सोडते. चहाचा चोथा साखर-दुधासकट घातला तर मुंग्यांची सोय होते, झाडाची नव्हे. अंड्याच्या टरफलांचे तुकडे वर्षानुवर्षे तसेच राहतात. बाजारातल्या रंगीत बाटल्यांवर ‘टॉनिक’ लिहिलेले असते, पण आतले प्रमाण छापलेले नसेल तर मी ती घेत नाही.

आणखी एक गोष्ट खताआधी पाहावी. बाहेर भर उन्हात प्रकाशाची तीव्रता लाखभर लक्स असते, तर खोलीत खिडकीपासून चार-पाच हात आत ती काहीशे लक्सवर येते. आपल्या डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण ते उजेडाशी आपोआप जुळवून घेतात. झाडाला जाणवतो. ज्या गोष्टीचा सर्वांत अधिक तुटवडा, तीच वाढ अडवून धरते, हा नियम शेतीशास्त्रात एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. अंधारातल्या निवडुंगाला खत घालणे म्हणजे चाके नसलेल्या गाडीत पेट्रोल भरणे.

त्या संध्याकाळी आम्ही कोरफड कुंडीतून उपटली. मुळे तपकिरी होऊन बोटांत सालीसारखी सुटत होती. ती वाचण्यासारखी नव्हती. पण कुंडीच्या कडेला एक बोटभर पिल्लू होते आणि त्याच्या दोन मुळांची टोके अजून पांढरी होती. ते कापून, धुवून आठवडाभर सावलीत नुसते ठेवले, जखम सुकू दिली आणि मग जाड वाळू, विटेचा चुरा आणि थोडा पोयटा यांत लावले. खत काहीही नाही. “उपाशी ठेवायचं?” मुलीने विचारले. मी पानाकडे बोट दाखवले. हवा आणि ऊन दोन्ही होते.

आजी परतल्या तेव्हा मुलीने सगळे खरे सांगितले, गणितासकट. आजींनी कागद नीट पाहिला आणि म्हणाल्या, “अहो सर, म्हणूनच मी नऊ वर्षं तिला काही घातलं नाही.” हे मात्र मला पूर्ण पटले नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत मातीतले जुने खत पुरले असणार. पण पुढे तीच माती, तीच कुंडी. मुलीच्या मोबाइलमधल्या जुन्या फोटोत शेवटच्या वर्षांची पाने आधीच्यापेक्षा आखूड आणि फिकट दिसत होती. मी ते दाखवले, तेव्हा आजींनी चष्मा लावून पाहिले आणि त्या काही बोलल्या नाहीत.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर मुलीने जुनी, युरियाची माती रिकाम्या कुंडीत परत भरून पागोळीखाली ठेवली आणि खालून निथळलेले पहिले पाणी एका पसरट ताटलीत धरले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या सरीचे, मग सहाव्या सरीचे. तीनही ताटल्या गॅलरीत उघडीप मिळेल तशा वाळू दिल्या. पहिल्या ताटलीच्या तळाशी पिवळसर पांढरा, नखाने खरवडता येईल असा थर बसला. दुसरीत पुसटशी कड उमटली. तिसरी ताटली आजींनी स्वच्छ समजून मांडणीवर परत ठेवून दिली.